सांगलीची ‘डॉक्टरांची’ गाडी: जुनी कार घेताना काय बघायचं

प्रश्न कराडच्या एका शिक्षिका ताईंचा आहे. बजेट साडेचार लाख. सांगलीत एका एजंटाकडे २०१७ ची स्विफ्ट डिझेल आहे, मीटरवर ५८ हजार किलोमीटर. “सिंगल ओनर, डॉक्टरांची गाडी, एक रुपया खर्च नाही, डिझेल टाका आणि पळवा,” असं एजंट म्हणतो. शाळा घरापासून १४ किलोमीटर. रविवारी गाडी बघायला जायचंय, घरात गाडीतलं कुणालाच कळत नाही, तर नेमकं काय बघायचं, असं त्या विचारतात.

ताई, कोल्हापुरात माझं गॅरेज आहे, सव्वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी जितक्या ‘डॉक्टरांच्या’ गाड्या तपासल्या तितके डॉक्टर आमच्या जिल्ह्यात नसतील. त्यामुळे त्या शब्दाचं वजन शून्य धरा आणि पुढे वाचा.

तुम्ही खराबी शोधायला जाऊ नका. इतक्या वर्षांच्या गाडीत खराबी असणारच, आणि ती पैशात मोजता येते. क्लच संपलाय, इतके हजार; टायर गुळगुळीत झालेत, इतके हजार; भावातून वजा करायचे आणि गाडी घ्यायची. मी बघतो ती गोष्ट वेगळी आहे. गाडीच्या जवळजवळ प्रत्येक भागावर कुठे ना कुठे तारीख असते: आरसीवर, टायरवर, काचेवर, सीट बेल्टच्या पट्टीवर, बॅटरीवर, सर्व्हिसच्या बिलावर. या सगळ्या तारखा एकमेकींना धरून आहेत का, ते ताडून बघायचं. जिथे दोन तारखांचं जमत नाही तिथे थांबायचं आणि मालकाला विचारायचं. त्यासाठी हात काळे करावे लागत नाहीत. हजेरीपट आणि पोरांनी सांगितलेली कारणं ताडून बघायची सवय तुम्हाला आहेच, तीच इथे वापरायची.

निम्मं काम सांगलीला जाण्याआधी घरी बसून होतं. एजंटाकडून आरसीच्या दोन्ही बाजूंचा फोटो आणि चालू इन्शुरन्स पॉलिसीची प्रत मागवा. द्यायला टाळाटाळ केली तर एसटीचं तिकीट वाचलं म्हणा. आरसीवर नोंदणीची तारीख असते आणि गाडी कारखान्यात बनली तो महिना-वर्षही असतो. डिसेंबर २०१६ ला बनलेली गाडी फेब्रुवारी २०१७ ला पासिंग झाली की विकणारा तिला ‘२०१७ मॉडेल’ म्हणतो. बाजारात भाव मात्र बनल्याच्या वर्षावर ठरतो. मग गाडीचा नंबर एमपरिवहन अॅपवर टाका. मालक कितवा, इंधन कोणतं, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, बँकेचा बोजा आहे का, हे तिथे दिसतं. ‘सिंगल ओनर’ म्हणून सांगितलेल्या गाडीसमोर मालक क्रमांक दोन दिसला, तर बाकी काही तपासायची गरज उरत नाही.

पॉलिसी कशाला, तर तिच्यात एक छोटी ओळ असते जी फार थोडे लोक वाचतात: नो क्लेम बोनस, म्हणजे एनसीबी. एक वर्ष क्लेम घेतला नाही की २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि सलग पाच वर्षांनंतर ५०. पन्नासच्या वर जात नाही. क्लेम घेतला की पुढच्या वर्षी शून्य. आता २०१७ पासून एकाच मालकाकडे असलेल्या, ‘एक ओरखडा नाही’ म्हणवणाऱ्या गाडीच्या पॉलिसीवर ५० टक्के दिसायला हवेत. २० दिसले, तर गेल्या एक-दोन वर्षांत काहीतरी घडलंय. अर्थात लगेच चोर ठरवू नका. पॉलिसी संपल्यावर नव्वद दिवसांत नवी केली नाही तरी बोनस जातो, आणि बोनस वाचवणारं अॅड-ऑन घेतलं असेल तर क्लेम घेऊनही तो टिकतो. पण प्रश्न विचारायला जागा मिळते: “क्लेम कशाचा होता? बिल बघू.” खरा मालक बिल काढून देतो. माझ्या एका गिऱ्हाइकाला असाच मागच्या दाराचा आणि फेंडरचा, म्हणजे चाकावरच्या पत्र्याचा, खर्च दाखवणारा क्लेमचा कागद मिळाला. त्याने निवांत मनाने गाडी घेतली, अजून चालवतोय.

सर्व्हिसची नोंदही मागा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नंबरवरून किंवा चेसिस नंबरवरून जुना इतिहास निघतो. काही ठिकाणी तो मालकालाच देतात, मग मालकाला काढायला सांगा. त्यात तारीख आणि त्या दिवशीचे किलोमीटर असतात. हीच मीटरची खरी परीक्षा. डिजिटल मीटर लॅपटॉप लावून मागे घेणं अर्ध्या तासाचं काम आहे, आणि ते करणारे प्रत्येक शहरात आहेत. पण २०२१ च्या बिलावर ७४ हजार लिहिलं असेल तर आज ५८ कसे?

तुमच्या गाडीचं गणित आधीच थोडं अडतंय. स्विफ्टचं डिझेल मॉडेल पेट्रोलपेक्षा बऱ्यापैकी महाग होतं. जास्त पळणारा माणूसच ते घ्यायचा. वर्षाला सात-आठ हजार किलोमीटर चालवणाऱ्याने डिझेल घेतलं नसेल असं नाही, हौसेने घेणारेही होते. पण ५८ हजार खरे असतील तर बाकीच्या खुणा तसंच सांगायला हव्यात. क्लच आणि ब्रेकच्या पायपट्टीवरचं रबर झिजून चकचकीत झालंय का? स्टिअरिंगचा वरचा भाग गुळगुळीत आहे का? ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड बसलीय का? ५८ हजारांत हे फारसं होत नाही, सव्वा लाखात होतं. पायपट्टीचं रबर एकदम कोरं करकरीत असेल तर तेही बोलकं आहे. कुणी कशाला बदललं असेल?

दाराच्या कडेला, बोनेटखाली, एअर फिल्टरच्या डब्यावर कधीकधी गॅरेजचं छोटं स्टिकर राहून जातं: ‘पुढचं ऑइल इतक्या किलोमीटरला’. एका गाडीच्या मीटरवर ४६ हजार होते आणि दाराच्या पिलरवरचं, म्हणजे खांबावरचं, स्टिकर १ लाख २० हजारांची आठवण करून देत होतं. एजंटाने मीटर मागे घेतलं, पॉलिश मारलं, सीट कव्हर बदललं. दीड इंचाचं स्टिकर विसरला.

टायरवर बाजूला एका लंबगोलात चार आकडे असतात. २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. पाचही टायरचे आकडे वहीत लिहा, स्टेपनीचाही. स्टेपनी बहुतेक वेळा कारखान्यातून आलेली असते, ती २०१६-१७ चीच असावी. खालचे चार साधारण ४०-५० हजारांवर बदलले जातात, म्हणजे ५८ हजारांच्या गाडीला दुसरा जोड असणं स्वाभाविक. सगळे टायर मूळचेच असतील आणि नक्षी अजून शिल्लक असेल, तर गाडी खरंच कमी पळालीय. फक्त इतकी वर्षं झालेलं रबर कडक होतं, बाजूला बारीक भेगा पडतात, ते टायर बदलायचा खर्च धरा. पुढचा एक टायर आतल्या कडेने जास्त झिजलेला असेल तर अलाइनमेंट गेलीय, किंवा गाडीला खालून मार बसलाय.

आता रविवार. सकाळी जा, पाऊस नसताना जा, आणि आदल्या रात्री फोन करून सांगा: “मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका.” पोचल्या पोचल्या बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर विचारा का सुरू केली. थंड इंजिन खरं बोलतं, गरम इंजिन बऱ्याच गोष्टी लपवतं.

आधी गाडीभोवती एक फेरी. उन्हात, दहा फुटांवरून, रंगाच्या छटा बघा. पांढऱ्या गाडीत हे अवघड जातं, मग दारं आणि फेंडरमधल्या फटी बघा. डावी-उजवी सारखी हवी. घरातल्या फ्रीजवरचं चुंबक रुमालात गुंडाळून न्या. पत्र्यावर ते सगळीकडे सारखं चिकटायला हवं. जिथे ते सैल बसतं तिथे रंगाखाली पुट्टी आहे. बंपर प्लास्टिकचा असतो, तिथे चिकटणारच नाही. त्यावरून एकदा एका काकांनी विक्रेत्याशी अर्धा तास भांडण केलं होतं, म्हणून सांगून ठेवतो.

मग काचा. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात कंपनीचा शिक्का आणि काही आकडे-ठिपके असतात, त्यात बनल्याचं वर्ष दडलेलं असतं. प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी, ती वाचता नाही आली तरी चालेल. सगळ्या काचांवर सारखाच शिक्का आहे का, एवढं बघा. एकाच दाराची काच वेगळ्या कंपनीची किंवा वेगळ्या आकड्याची निघाली तर त्या बाजूला काहीतरी झालंय. पुढची मोठी काच मात्र दगड लागून बदललेली असते, आपल्या महामार्गांवर ते नेहमीचं. तिला सूट द्या.

बोनेट उघडल्यावर इंजिनाआधी बोल्ट बघा. फेंडर आणि बोनेटचे बिजागर ज्या बोल्टवर बसतात त्यांच्यावर कारखान्याचा रंग असतो. पाना लागला की कडांवरचा रंग उडतो. उडालेला असेल तर तो भाग कधीतरी काढला गेलाय. फेंडर बदलला असेल तर मला फार फरक पडत नाही, शहरात आठ वर्षं चाललेल्या गाडीला कुणीतरी घासलेलं असणारच. घाबरायचं ते आतल्या सांगाड्याला. चाकांच्या वर, दोन्ही बाजूंना इंजिनालगत जो पत्रा असतो त्याला आम्ही अॅप्रन म्हणतो. त्याच्या सांध्यावर कारखान्याचं सीलर एकसारखं ओढलेलं असतं आणि वेल्डिंगचे गोल ठसे ठरावीक अंतरावर असतात. एका बाजूला ठसे नीट आणि दुसऱ्या बाजूला पुट्टी, वेडीवाकडी वेल्डिंग, ताजा काळा रंग असेल, तर गाडीने तोंडावर मोठा मार खाल्लाय. तीच गोष्ट दारांमधल्या पिलरची आणि डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्याची. चटई उचला, स्टेपनी काढा, खालचा पत्रा सपाट आहे का बघा. पिलर, अॅप्रन, छत यांत काम झालेली गाडी मी कुठल्याही भावाला घेऊ देत नाही. पुढच्या अपघातात माणसं वाचवायचं काम तोच पत्रा करत असतो.

चेसिस नंबर आरसीशी एकेक अक्षर जुळवा. तो सतरा अक्षरांचा असतो, मारुतीच्या बहुतेक गाड्यांचा ‘एमए३’ ने सुरू होतो. अक्षरं एका रेषेत, सारख्या खोलीची हवीत. आजूबाजूला घासल्याची खूण असेल तर तिथूनच घरी या.

आता पाण्याचं. सांगलीची गाडी म्हटल्यावर मला ते आधी आठवतं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही चढल्या, शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद राहिला. पाणी ओसरल्यावर माझ्या गॅरेजसमोर ओळीने गाड्या उभ्या होत्या, दार उघडलं की चिखल बाहेर यायचा. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच, आणि तिकडे चिपळूण-महाडलाही. तुमची २०१७ ची गाडी दोन्ही वेळा कुठेतरी उभी होती. कुठे, हे शोधायचं.

बुडालेल्या गाडीचा दुरुस्ती खर्च विम्यातल्या ठरलेल्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी ती ‘टोटल लॉस’ धरते. मालकाला पैसे मिळतात, गाडी सॅल्व्हेज, म्हणजे भंगार, म्हणून लिलावात जाते. त्यातल्या काही सुट्या भागांसाठी फुटतात. काही मात्र धुऊन-पुसून, इंजिन सुरू करून, चार जिल्हे पलीकडे विकल्या जातात. म्हणजे सांगली पासिंगची गाडी बुडालेलीच असेल असं मुळीच नाही, आणि नागपुरात मिळालेली कोरडीच असेल असंही नाही. इंजिनात पाणी गेलं तर ते खोलून दुरुस्त होतं. वायरिंगचं तसं नाही. जोडण्यांमध्ये ओल राहते, तांबं हिरवं पडतं, आणि सहा महिन्यांनी पॉवर विंडो आपोआप उघडते, मग सेंट्रल लॉक वेडं होतं, मग एके दिवशी गाडी रस्त्यातच बंद पडते. एअरबॅगचा मेंदू बऱ्याच गाड्यांत दोन सीटांच्या मधोमध, जमिनीलगत बसवलेला असतो. पाणी आधी तिथेच पोचतं.

कसं ओळखायचं? सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, अगदी टोकापर्यंत. धुणारा माणूस दिसणारा बेल्ट धुतो, गुंडाळीत राहिलेला नाही. तिथे मातकट पट्टा दिसला की संपलं. बेल्टच्या खालच्या टोकाला शिवलेल्या चिठ्ठीवर तारीख असते, तीही बघा. २०१७ च्या गाडीत २०२० चा बेल्ट म्हणजे बदललेला बेल्ट. मग ड्रायव्हरची सीट पूर्ण पुढे, पूर्ण मागे सरकवा आणि टॉर्चने खालच्या रुळाचे बोल्ट, सीटच्या स्प्रिंगा बघा. स्टिअरिंगखाली वाकून ब्रेकच्या पायपट्टीचा लोखंडी सांगाडा बघा. कोकणातल्या गाडीला खाऱ्या हवेने वरवरचा गंज येतो, त्याने लगेच बिचकू नये. पण कराड-सांगलीच्या कोरड्या हवेतल्या गाडीच्या डॅशबोर्डखाली गंज चढायचं दुसरं कारण मला माहीत नाही. पायाशी कार्पेटचा कोपरा उचला, स्टेपनीच्या खड्ड्याच्या सांध्यात बोट फिरवा. बारीक गाळ सांध्यांत बसतो तो बसतोच.

वासही घ्या. काचा बंद करून गाडी दहा मिनिटं उन्हात ठेवा, मग आत बसा आणि एसी न लावता नुसता ब्लोअर सुरू करा. कुबट वास आला, किंवा डोकं उठेल इतका परफ्यूम मारलेला असेल, तर सर्व्हिसच्या बिलांकडे परत या. ऑगस्ट २०१९ किंवा जुलै २०२१ नंतर चार-सहा महिने एकही नोंद नाही आणि मग एकदम बाहेरच्या गॅरेजचं मोठं काम, असा खड्डा दिसतो का?

इंजिनाबद्दल लोक फार घाबरतात, पण तुमच्यासाठी तीन-चार गोष्टी पुरेत. चावी फिरवली की मीटरवर कॉइलचा, म्हणजे वेटोळ्याच्या चित्राचा, छोटा दिवा लागतो. तो विझल्यावर सेल मारला तर थंड डिझेल एक-दोन फिरक्यांत सुरू व्हायला हवं. त्याच वेळी दुसऱ्या कुणाला तरी सायलेन्सरमागे उभं करा. सकाळी थोडी पांढरी वाफ येते आणि जाते. निळा धूर येत राहिला तर इंजिन ऑइल खातंय. जोरात रेस केल्यावर भसकन काळा धूर येत असेल तर इंजेक्टर, टर्बो किंवा निदान एअर फिल्टरचं काम आहे. सुरू होताना क्षणभर पुढून खडखड येऊन थांबली तर ठीक, पण चालूच राहिली तर टायमिंग चेनकडे बघावं लागेल. या १.३ लिटरच्या डिझेल इंजिनाला टायमिंग बेल्ट नसून चेन असते. ‘बेल्ट नवीन टाकलाय’ असं एजंट सांगायला लागला तर कुठला बेल्ट ते विचारा. फॅन बेल्ट म्हणत असेल तर ठीक.

गाडी चालू असतानाच ऑइल भरायचं झाकण उघडून भोकावर उलटं, सैल ठेवायला सांगा. झाकण जागेवर हलकं थरथरलं तर चांगलं. उडून पडलं आणि भोकातून धुराचे धक्के यायला लागले तर आमच्या भाषेत गाडी ‘बॅक कॉम्प्रेशन मारतेय’, म्हणजे पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडर झिजलेत. ते काम मोठं. झाकणाच्या आत दुधासारखा पांढरट लेप असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळतंय का ते बघावं लागतं. ऑइल मोजायची पट्टी काढल्यावर ऑइल काळंकुट्ट दिसेल, त्याला नावं ठेवू नका. डिझेलमध्ये नवीन ऑइलही काही दिवसांत काळं होतं. कूलंटच्या टाकीत रंगीत कूलंट हवं. तपकिरी गंजाचं पाणी म्हणजे मालकाने नळाचं पाणी ओतून दिवस काढलेत. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना कुणी काहीही म्हणालं तरी उघडू नका, हात भाजतो.

गाडीत एअरबॅग आणि एबीएस (ब्रेक मारताना चाक घसरू न देणारी यंत्रणा) असेल, तर चावी फिरवल्यावर मीटरवर त्यांचा दिवा लागायला हवा आणि काही सेकंदांनी विझायला हवा. दिवा लागलाच नाही तर आनंद मानू नका. फुटलेली एअरबॅग परत बसवायचा खर्च वाचवायला दिवाच काढून टाकतात.

चालवून बघणं म्हणजे कॉलनीला चक्कर नव्हे. सांगलीहून मिरजेपलीकडे पंधरा-वीस किलोमीटर जा, येताना एसी लावून या. गाडी आधी घरातला जो चालवणार आहे त्याने चालवावी, एजंट शेजारी बसेल. रेडिओ बंद. गतिरोधकावरून हळू जाताना खालून खटखट आली तर सस्पेन्शनचे भाग झिजलेत: बुश, लिंक रॉड, लोअर आर्म. खर्च आहे पण परवडणारा. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवा, टकटक आली तर अॅक्सलचा जॉइंट. हँडब्रेक ओढून, तिसऱ्या गिअरमध्ये, क्लच हळूहळू सोडा. इंजिन गुदमरून बंद पडायला हवं. ते बंद न पडता घरघरत राहिलं तर क्लच प्लेट घसरतेय. हे एकदाच करा, परत परत केलं तर चांगली प्लेटही जळेल. साठच्या वेगाने सरळ रस्त्यावर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते का, स्टिअरिंग थरथरतं का, बघा. परत आल्यावर गाडी दहा मिनिटं उभी करा आणि खाली पुठ्ठा टाका. एसीचं स्वच्छ पाणी गळेल, ते चालतं. तेलाचा डाग चालत नाही.

यानंतर गाडी लिफ्टवर चढवून एका मेकॅनिकला दाखवा. आता आमच्याच धंद्याबद्दल थोडं कडू सांगतो. ‘ओळखीचा मेकॅनिक’ न्याल, तर तो एजंटाच्याही ओळखीचा निघू शकतो. सौदा झाला की एजंटाकडून मेकॅनिकला काही हजार पोचतात, ही या बाजारातली जुनी रीत आहे, आणि मलाही तसे फोन येतात. म्हणून मेकॅनिक एजंटाने सुचवलेला नको, आणि त्याची फी आधीच ठरवून आधीच द्या. गाडी घेतली तरी तेवढीच, सोडली तरी तेवढीच. हजार-दीड हजार रुपये जातील. त्याच्याकडे स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले फॉल्ट वाचणारं यंत्र, असेल तर लावून घ्या. स्कॅनरवर एकही फॉल्ट दिसत नाही आणि आतल्या तपासण्या ‘अपूर्ण’ दाखवतोय, असं असेल तर बहुधा कुणीतरी नुकतेच फॉल्टचे कोड पुसून ठेवलेत.

कागदांचं थोडक्यात. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात, बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. बोजा उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. एजंटाकडे बहुधा मालकाने सही करून दिलेले कोरे फॉर्म असतात. मूळ मालकाशी फोनवर तरी बोला, जमलं तर भेटा. ‘डॉक्टर’ खरंच डॉक्टर आहेत का तेही कळेल. राज्यातल्या राज्यात व्यवहार झाला तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नावावर करून घ्यायची असते. पॉलिसीही १४ दिवसांत तुमच्या नावावर करायला अर्ज द्या, नाहीतर गाडीचं नुकसान झाल्यावर क्लेम अडतो. मालकाचा एनसीबी तुम्हाला मिळत नाही, तो माणसाबरोबर जातो, त्यामुळे विम्याचा हप्ता थोडा वाढेल. थकलेली ई-चलनं वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक साइटवर बघून विकणाऱ्याकडून भरून घ्या. उलट तुम्ही कधी गाडी विकाल तेव्हाही हेच लक्षात ठेवा: सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलंय की आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर.

एजंट कदाचित स्वस्तातली दिल्ली पासिंगची गाडीही दाखवेल. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, म्हणून तिथल्या गाड्या इकडे कमी भावात येतात. गाडी वाईटच असते असं नाही, पण एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि नवं पासिंग यांचा खर्च-वेळ धरला की स्वस्ताई बरीचशी उडते.

शेवटी तुम्ही विचारलं नाही ते मी विचारतो. डिझेलच का? शाळा १४ किलोमीटर, येऊन-जाऊन २८, सुट्ट्या वजा करून आणि गावी जाणं धरून वर्षाला आठ हजार किलोमीटर होतील. डिझेल ९० रुपये आणि वीसचं अॅव्हरेज धरलं तर ३६ हजार. पेट्रोल १०४ रुपये आणि सोळाचं अॅव्हरेज धरलं तर ५२ हजार. वर्षाला सोळा हजारांची बचत. इंजेक्टर आणि टर्बोचं काम एकदा निघालं की तीन-चार वर्षांची बचत त्यात जाते. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या. भाग अजून मिळतात, पण मी तुमच्या जागी असतो तर त्याच पैशात २०१७-१८ ची, कमी पळालेली पेट्रोल शोधली असती. हौस डिझेलचीच असेल तर ही बघा, मना करणार नाही.

रविवारी बरोबर टॉर्च, चुंबक, जुना रुमाल, एक पुठ्ठा आणि वही न्या. पाच टायरांचे आकडे, काचांवरचे शिक्के, बेल्टच्या टोकाचा फोटो आणि झाकण उलटं ठेवल्यावरचा दहा सेकंदांचा व्हिडिओ मला पाठवा, संध्याकाळपर्यंत सांगतो. टोकनचे पैसे मात्र त्या दिवशी देऊ नका. एजंट म्हणेलच, “मॅडम, दुपारी दुसरी पार्टी येतेय.” माझ्या सव्वीस वर्षांत ती पार्टी रोज दुपारी येतेय. येऊ दे.